आगेऱ्याचं गाणं यंत्राने लिहिलं, तर ते अर्पण होतं का?

उत्तनकर (धागाकर्ता)

आमच्याकडे, भाईंदरजवळच्या उत्तनला, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी जातात. आमच्या घरात वर्षभर ती लोंबी क्रुसामागे खोचलेली असते. शेतं आता थोडीच उरलीत, तरी सण आहे.

गेल्या रविवारी गायनमंडळाच्या सरावाला एक मुलगा नवीन गाणं घेऊन आला. एआयच्या अ‍ॅपमध्ये दोन वाक्यं टाकली आणि मिनिटभरात शब्द, चाल, वाद्यं, बाईचा आवाज, सगळं तयार. त्याने मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला. खरं सांगतो, गाणं चांगलं होतं. कडव्यानंतर बासरी येते तिथे माझ्या अंगावर काटा आला. आमचे मास्तर पेटीच्या भात्यावर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, ‘पुन्हा लाव.’ पुन्हा लावलं. मग त्यांनी विचारलं, ‘ही बाई श्वास कुठे घेते रे?’

कुणी बोललं नाही. मास्तर रागावले नव्हते. त्यांनी भात्याची कडी लावली आणि नेहमीचं स्तोत्र घ्यायला सांगितलं.

मी यंत्राच्या विरोधातला माणूस नाही. भाईंदरच्या एका गाळ्यात सीएनसी मशीन, म्हणजे संगणकावर चालणारं कापकामाचं यंत्र, चालवतो, त्यावरच घर चालतं. प्रभू येशू स्वतः सुताराचं काम करणारा, त्यामुळे हत्यार हातात धरण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण त्या रात्री शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढून वाचला. दावीद राजाला वेदी बांधायची असते. अरवना यबूसी म्हणतो, महाराज, हे खळं घ्या, बैल घ्या, लाकडासाठी मळणीची औतं घ्या, सगळं असंच घ्या. दावीद म्हणतो, नाही, मी किंमत देऊनच घेणार. ज्याला मला काहीच पडलं नाही ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही. आणि पन्नास शेकेल चांदी मोजतो.

वेदी खळ्यावर बांधली, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. आगेराही खळ्याचाच सण.

तर प्रश्न असा: मिनिटभरात, काही न पडता मिळालेलं सुंदर गाणं वेदीपुढे न्यावं का? सुंदर आहे एवढं पुरेसं आहे का? ख्रिस्ती वाचकांनी लिहावंच, बाकीच्यांनीही लिहावं.

---

संगणकी

मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून आधी एक दुरुस्ती. श्वासही घालता येतो. नवीन अ‍ॅप तो आपणहून घालतात, तोही बरोबर जागी. म्हणजे मास्तरांची कसोटी वर्ष-सहा महिन्यांत निकालात निघेल. दुसरं, पेटी हेही परदेशातून आलेलं यंत्रच आहे. चर्चमधला माइक यंत्र आहे. रेषा कुठे मारणार?

दावीदाची गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. तुम्ही ‘काही न पडता’ म्हणता, ते पूर्ण खरं नाही. त्या बाईचा आवाज हवेतून आलेला नाही. हजारो गायकांची, वादकांची ध्वनिमुद्रणं यंत्राला शिकवायला वापरली गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुणी विचारलंही नाही. किंमत मोजली गेली आहे, फक्त दुसऱ्यांनी. तुमच्याच गोष्टीच्या भाषेत, बैल अरवनाचे. फरक इतकाच, की अरवनाने निदान स्वतःच्या तोंडाने ‘घ्या’ म्हटलं होतं.

---

उत्तनकर

संगणकीसाहेब, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मनापासून आभार.

श्वासाबद्दल: घालता येतो हे मान्य. पण मास्तरांना तो ऐकू यावा म्हणून हवा होता असं मला वाटत नाही. आमच्या क्वायरमध्ये दम्याची एक मावशी आहे. तिला चौथ्या ओळीच्या मध्येच श्वास लागतो, म्हणून आम्ही सगळे तिथे थांबतो. बाहेरून ऐकणाऱ्याला ती चालच वाटते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकतो. तो श्वास आपला नाही, दिलेला आहे, आणि तो कमी पडतो. गाणं त्या कमी पडण्यातून बनतं, असं काहीतरी मला म्हणायचं आहे. नीट मांडता येत नाही.

---

खिळे_जुळारी

माझे वडील नगरला एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) जुळवून ओळी लावणारे. नगर म्हणजे ‘ज्ञानोदय’चं गाव, १८४२ साली तिथून निघालेलं मिशनचं ते नियतकालिक अजून चालू आहे. मराठी ख्रिस्ती माणसाचं यंत्राशी नातं मोबाइलपासून सुरू होत नाही, ते छापखान्यापासून सुरू होतं. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे देखणे खिळे घडवले. तिथेच लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारतात. ज्या खिळ्यांत शुभवर्तमान छापलं त्याच हुन्नरातून पुढे संस्कृत काव्यं, शास्त्रं छापली गेली. या सौंदर्याला धर्माचं कुंपण नव्हतं.

वडिलांचे हात सांगतो. डाव्या हातात ओळ लावायची स्टिक, उजवा हात केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीवर. नजर हस्तलिखितावर, खिळ्यांकडे बघायचेच नाहीत. अक्षर उलटं, ओळ आरशातल्यासारखी, आणि त्यांना ती सरळ दिसायची. बोटांच्या टोकांवर शिशाचा काळपट रंग, साबणाने न जाणारा. रफार तुटलेला खिळा हाताला लागला की बघायच्या आधी कळायचं. मी विचारलं होतं, बाबा, एक मात्रा इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं? म्हणाले, वाचणाऱ्याचा श्वास अडखळतो. वर श्वासाचं वाचलं आणि हे आठवलं.

पवित्र शास्त्रात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं नाव घेऊन पहिल्यांदा सांगितलंय तो संदेष्टा नाही, राजा नाही. तो बसालेल नावाचा कारागीर. निर्गम, अध्याय ३१. सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड यांचं काम करायला आत्मा दिला. म्हणजे हत्यार आणि सौंदर्य दोन्ही देवाच्या घरचेच. आणि त्याच पुस्तकात, विसाव्या अध्यायात, दुसरंही आहे: माझी वेदी दगडांची केलीस तर घडीव चिऱ्यांची करू नकोस, हत्यार लावशील तर ती भ्रष्ट करशील. बसालेलाला आत्मा देणारा देव एका जागी सांगतो, इथे छिन्नी नको. मला वाटतं उत्तनकरांचा प्रश्न त्या जागेचा आहे.

---

रायतूरची_वाट

गोव्यातून लिहिते. खिळ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी मागे जाऊ. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला. तो खरं तर इथिओपियाला जायचा होता, इथेच राहिला. १५७९ साली आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकला आणि ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. त्याला ते देवनागरीत छापायचं होतं. १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की अडचण अक्षरांच्या साच्यांची आहे: युरोपात चोवीस पुरतात, इथे सहाशेच्या घरात लागतील. ते जमलं नाही. १६१६ मध्ये राशोलला पुराण छापलं गेलं ते रोमी लिपीत.

यावर मी बरेचदा विचार करते. मोगरा जसा फुलांत, कस्तुरी जशी सुगंधांत, तशी भाषांत मराठी, असं ज्याने गायलं त्याला तीच भाषा तिच्या स्वतःच्या अंगरख्याशिवाय छापावी लागली, कारण यंत्र तेवढंच करू शकत होतं. यंत्र तटस्थ नसतं. त्याच्या खाचेत जे बसतं ते पुढे जातं, बसत नाही ते मागे राहतं. आज त्या अ‍ॅपला उत्तनची बोली येते का? आगेऱ्याच्या गाण्यात एखादा तरी तुमच्या घरातला शब्द होता का?

---

तटस्थ_वाचक

ही चर्चा सुंदर चालली आहे, पण एक गोष्ट नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं आणि मधला छोटा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. स्थानिक भाषांतले ग्रंथ जाळले गेले. १६८४ मध्ये तर कोकणी भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. छापखानाही त्याच सत्तेचा. ‘माणूस देवाची प्रतिमा’ म्हणणाऱ्यांनी माणसांचं काय केलं, हेही या धाग्यात असू द्या.

---

रायतूरची_वाट

असू द्या. असायलाच हवं. माझ्या पूर्वजांनी दोन्ही सोसलंय आणि दोन्ही सांभाळलंय. म्हणूनच ‘प्रतिमा’ हा शब्द मला सजावटीचा वाटत नाही. तो आधी आमच्या स्वतःच्या चर्चला लावायचा मापदंड आहे.

---

केडगाव_स्टेशन

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली, टाकलेल्या बायका, विधवा होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, बाईमाणसाला कळेल अशा साध्या मराठीत. संस्कृतमध्ये ‘सरस्वती’ पदवी मिळालेली बाई! तिला जड भाषा लिहिणं किती सोपं होतं. मुक्तीतच छापखाना घातला आणि तिथल्या मुली खिळे जुळवायच्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर अनुवादाचं काम हातावेगळं केलं होतं. ग्रंथ छापून पूर्ण झाला १९२४ मध्ये.

जिला घराने ‘ओझं’ म्हटलं तिच्या बोटांनी ‘देवाने आपल्या प्रतिमेप्रमाणे मनुष्य उत्पन्न केला’ ही ओळ एकेक खिळा उचलून जुळवली असेल. त्या ओळीची बातमी आधी तिच्या हाताला लागली असेल, मग वाचकाला. यंत्राने तिचं काही काढून घेतलं नाही, उलट तिला काहीतरी दिलं. माझ्यापुरती कसोटी हीच. हे साधन हाताळून माणूस मोठा होतो, की त्याची जागाच जाते?

---

दृष्टीपलीकडे

मी जन्मापासून अंध आहे. हा धागा मला माझा फोन वाचून दाखवतो, एका पुरुषी, सपाट, श्वास न घेणाऱ्या आवाजात. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद मी त्याच आवाजात ऐकले, मास्तरांचा प्रश्नसुद्धा.

कृपया वाईट वाटून घेऊ नका, पण ‘श्वास नाही म्हणून उणं’ हे वाक्य मला जरा बोचलं. त्या आवाजाने मला योहानाचं शुभवर्तमान रात्री दोन वाजता, कुणालाही न उठवता, एकट्याने वाचू दिलं. त्याआधी मला कुणाच्या तरी वेळेची वाट बघावी लागायची. मुक्तीचा उल्लेख झाला म्हणून सांगतो, तिथे रमाबाईंच्या काळातच अंधांची शाळा होती आणि ब्रेल शिकवायचे. सहा ठिपक्यांची ही लिपीसुद्धा तंत्रज्ञानच. माझं बोट ‘येशू’ या शब्दावरून फिरतं तेव्हा मला जे वाटतं त्याला सौंदर्य म्हणू नका असं कुणी सांगू नये.

पण गाण्याबद्दल मी उत्तनकरांच्या बाजूने आहे. माझं यंत्र माझ्या जागी प्रार्थना करत नाही. ते वाचतं, प्रार्थना मी करतो.

---

उत्तनकर

दादा, बोचलं ते बरोबर बोचलं. माफ करा. ‘श्वास नाही म्हणून उणं’ ही माझी चूक. तुमची शेवटची दोन वाक्यं मी मास्तरांना वाचून दाखवणार आहे.

---

चित्रवाट

सौंदर्याबद्दल एक. परवा एका चित्रं काढणाऱ्या अ‍ॅपला ‘पवित्र मरिया, बाळासह’ एवढंच सांगितलं. गोरीपान, निळा झगा, सोनेरी केस. पाच वेळा मागितलं, पाचही वेळा तीच. मग पुण्यातला अँजेलो द फोन्सेका आठवला. १९०२ चा जन्म, गोव्यातल्या सांतु इस्तेव्हचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परत येऊन त्याने मरियेला साडी नेसवली, तिला सावळी केली, आपल्या घरच्या बाईसारखी. गोव्यात लोक खवळले. तो पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि आयुष्यभर तेच काढत राहिला, १९६७ मध्ये जाईपर्यंत. त्याची बरीच चित्रं आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत.

मी ती तिथे जाऊन पाहिली. जलरंग इतके पातळ लावलेले, की कागद आतून उजळल्यासारखा वाटतो. मरियेच्या पायात चप्पल नाही. बघताना कळतं की याने अशा पायांकडे खूप वेळ पाहिलंय. अ‍ॅप मला लाखो चित्रांची सरासरी देतं. ज्या चित्रावरून माणूस स्वतःच्या गावात परका झाला, ते त्या सरासरीत कुठून येणार? देव देह धारण करून एका गावात, एका आईच्या पोटी आला यावर आमचा विश्वास आहे. सरासरी माणूस म्हणून तो आला नाही.

---

मायलेक

मी सहसा लिहीत नाही. हा धागा चार दिवस वाचतेय.

माझी आई स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. शाळेत गणित शिकवायची. आधी माझं नाव गेलं, मग घर गेलं. लोक धीर द्यायचे, ‘बघ, जपमाळ अजून येते तिला, आत काहीतरी जिवंत आहे.’ मलाही त्याचा आधार वाटायचा. पावसाळ्यात जपमाळही विसरली. आता मणी हातात दिले तर तोंडात घालते. मी काढून घेते, ओठ पुसते.

तुम्ही सगळे विचारताय, यंत्र गाऊ लागलं, लिहू लागलं, तर माणसाचं म्हणून काय राहिलं. मला हा प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. आईला यातलं काहीच येत नाही. माझा फोन तिच्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. माणूसपण जर बुद्धीत असेल, गाण्यात असेल, प्रार्थना म्हणता येण्यातही असेल, तर माझी आई माणसातून उठली म्हणायची.

२८ जानेवारी २०२५ ला व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक दस्तऐवज काढला. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘जुने आणि नवे’. पुढे पोप लिओ चौदावे निवडून आल्यावर त्यांनीही आपल्या नावाचं कारण सांगताना पोप लिओ तेराव्यांच्या १८९१ च्या कामगारांवरच्या परिपत्रकाची आणि आजच्या या बुद्धिमत्तेची सांगड घातली, म्हणून मी तो दस्तऐवज शोधून वाचला. त्यात एक जागा आहे: माणसाची किंमत त्याच्या कौशल्यावर, बुद्धीच्या करामतीवर अवलंबून नाही, तो देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला यावर आहे. आणि ज्यांना आपल्या क्षमता वापरता येत नाहीत त्यांच्यात ती तशीच अखंड राहते: न जन्मलेलं मूल, बेशुद्ध माणूस, दुखणाईत म्हातारा जीव. मी ती ओळ आईच्या खाटेजवळ बसून वाचली, दोनदा.

म्हणून मला यंत्राची भीती वाटत नाही. भीती वाटते ती आपल्या मोजमापाची. हुशारीवरून माणूस मोजायची सवय आपल्याला यंत्र यायच्या आधीपासून होती.

---

खिळे_जुळारी

ताई, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आईंना नमस्कार सांगा. त्यांना कळणार नाही, तरी सांगा.

---

इंद्रायणीकाठ

मी वारकरी घरातला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तरी अभंग, कीर्तन सोडलं नाही, उलट ते चर्चमध्ये घेऊन गेले, म्हणून तुमचा हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्याकडेही आता दिंडीत स्पीकरवर आयते अभंग लावतात. आवाज मोठा होतो आणि बाया गायच्या थांबतात. आमच्या आजीला एकही सूर लागत नव्हता, पण ज्ञानेश्वरीच्या ओव्या जात्यावर तिच्याच होत्या. आयत्या सुंदर गाण्याने सूर न लागणाऱ्याचं गाणं बंद होतं, एवढंच माझं म्हणणं.

---

संगणकी

इंद्रायणीकाठ यांचा मुद्दा पटला. मायलेक यांच्या प्रतिसादानंतर माझ्याकडे युक्तिवाद उरलेला नाही, आणि तो शोधावासाही वाटत नाही. एक विचारतो: त्या मुलाचं काय झालं? त्याने हौसेने काहीतरी आणलं होतं.

---

उत्तनकर

बरं केलंत विचारलंत, कारण माझंही लक्ष मास्तरांकडेच होतं, मुलाकडे नव्हतं. बुधवारी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, ‘काका, मला गाणं लिहायचं होतं. पण तुमच्यात बसून चुकायची लाज वाटते. मशीनसमोर वाटत नाही.’ आम्ही सगळे मोठे, त्याच्यासाठी जागाच ठेवली नव्हती.

शुक्रवारी मास्तरांच्या ओट्यावर बसलो. तो, मी, दम्याची मावशी आणि अजून तिघे. अ‍ॅपचं गाणं बाजूला ठेवलं, मुलाला पेन दिलं. दोन तासांत एक ओवी झाली. वहीचा फोटो टाकतो.

---

दृष्टीपलीकडे

उत्तनकर, फोटो नको. हस्ताक्षर माझ्या यंत्राला वाचता येत नाही. टाइप करून टाका.

---

उत्तनकर

हो दादा, चुकलंच.

खाचरात वाकली पाठ ।
पावसाची पाहिली वाट ।
तुझ्या वेदीपाशी ताठ ।
उभी लोंबी ॥

पहिल्या दोन ओळी मुलाच्या. तिसरी माझी, आणि ती चुकली आहे. मावशी ऐकल्याबरोबर म्हणाली, ‘ताठ उभी राहते ती पोचट लोंबी. दाणा भरला की झुकते रे.’ आम्ही पाच जण गप्प. लहानपणापासून बघतोय आणि लिहिताना एकाच्याही ध्यानात आलं नाही. आता ‘ताठ’च्या जागी शब्द हवाय. अर्थ बसतो तर यमक जातं. मंगळवारी पुन्हा बसणार आहोत.

---

दृष्टीपलीकडे

ऐकलं. चार वेळा लावलं. ‘दाट’ करून बघता का?

तुझ्या वेदीपाशी दाट ।
झुके लोंबी ॥

लोंबी मी हातात घेऊन पाहिलेली आहे, दाणे एकमेकांना चिकटून असतात. मावशींना विचारा, चालेल का.